लॅब्रॅडॉरच्या दुखऱ्या सांध्यांसाठी घेतलेली फोमची गादी

ठाण्यातील आमच्या घरी दहा वर्षांची, 30 किलो वजनाची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. तिच्यासाठी यंदा उन्हाळ्याच्या आरंभी आम्ही ‘ऑर्थोपेडिक’ म्हणून विकली जाणारी फोमची गादी घेतली. ऐन मे महिन्यातील उकाडा आणि त्यानंतरचा संपूर्ण पावसाळा असा दोन्हींचा अनुभव घेतल्यावरच तिच्याविषयी लिहावे, असे ठरवले होते. कारण कोकणपट्टीच्या हवेत कुत्र्याच्या बिछान्याची खरी परीक्षा याच दोन ऋतूंत होते.

लॅब्रॅडॉर जातीत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे दोष आनुवंशिकतेने येतात, आणि उतारवयात त्यांचे रूपांतर बहुधा संधिवातात होते. आमच्या कुत्रीचे मागचे पाय उठताना गुळगुळीत फरशीवरून घसरू लागले होते, आणि पुढच्या कोपरांवर केस जाऊन करड्या रंगाचे, खरखरीत घट्टे पडले होते. वजनदार कुत्रा सतत कठीण जमिनीवर पडून राहिला की कोपराच्या हाडावरील कातडीला असे घट्टे पडतात, आणि पुढे कधी कधी त्याखाली पाणी साचून मऊ सूजही येते. पशुवैद्यांनी वजन आटोक्यात ठेवणे आणि औषधे यांनाच पहिले स्थान दिले, आणि त्यांच्या जोडीला शरीराचा भार सर्वत्र सारखा पेलेल असे अंथरूण सुचवले. गादीने संधिवात बरा होत नाही, हे विकत घेण्याआधीच ध्यानात असलेले बरे.

दुकानात सर्वांत आकर्षक दिसतो तो गोल, काठ उंच असलेला, लांब केसाळ कापडाचा बिछाना. पग किंवा शिह त्झूसारखी लहान कुत्री मुटकुळे करून झोपतात, त्यांना तो थंडीच्या दिवसांत मानवतो. आमची कुत्री मात्र कुशीवर पडून चारही पाय लांब ताणते, आणि अशा कुत्र्याला गोल बिछान्यात एक तर मान तरी अवघडून घ्यावी लागते किंवा पाय तरी बाहेर टाकावे लागतात. शिवाय आत भरलेला कृत्रिम कापूस जड कुत्र्याच्या वजनाखाली कडेला सरकतो आणि मधोमध नुसते कापड उरते. पाळीव प्राण्यांच्या वस्तू विकणाऱ्या अनेक दुकानांत हाच बिछाना सरसकट सर्व जातींसाठी पुढे केला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरा पर्याय होता चौकटीवर जाळी ताणलेल्या खाटेचा. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही; धापा टाकून आणि पोट थंड पृष्ठभागाला टेकवून तो शरीराची उष्णता कमी करतो. जाळीखालून वारा खेळत असल्यामुळे उन्हाळ्यासाठी अशा खाटेइतके योग्य दुसरे काही नाही. तरुण, निरोगी कुत्र्यासाठी, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातील उन्हात, मी निःशंकपणे खाटच सुचवेन. मात्र सांधे दुखत असलेल्या प्राण्याला प्रत्येक वेळी तेवढी पायरी चढावी लागते, आणि ताणलेल्या जाळीवरून उठताना मागच्या पायांना भक्कम आधार मिळत नाही. कापसाच्या गादीचाही विचार झाला. पण पावसाळ्यात ती दमट होते, कुबट वास धरते आणि एकदा लघवी झिरपली की धुता येत नाही.

म्हणून फोमची गादी घेतली. ती चार इंच जाडीची आहे: खाली तीन इंच कडक फोम आणि वर एक इंच मेमरी फोम. अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेसाठी 1966 साली आसनांच्या कामातून विकसित झालेला हा फोम शरीराच्या उबेने मऊ होतो आणि आकार घेतो, त्यामुळे खुबा, खांदा व कोपर यांच्यावरील दाब विभागला जातो. पण निव्वळ मेमरी फोमची गादी जड कुत्र्याखाली पार बसते. म्हणून खालचा कडक थर अत्यावश्यक आहे. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द वेष्टनावर छापलेला असला, तरी आत अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल, हलका फोम निघू शकतो. त्यासाठी दुकानातच खोळीची चेन उघडून आतला फोम पाहावा, आणि मूठ पूर्ण जोर लावून दाबावी. मुठीला खालची जमीन लागली, तर ती गादी मोठ्या कुत्र्याच्या उपयोगाची नाही. आमच्या गादीत जमीन लागली नाही आणि मूठ काढताच फोम हळूहळू पूर्ववत झाला.

मापाबाबत घाई करू नये. कुत्रा गाढ झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत आणि पाठीपासून ताणलेल्या पंजांपर्यंत टेपने मोजावे, आणि लांबीत 15 ते 20 सेंटिमीटर वाढवावेत. आमच्याकडे 110 बाय 75 सेंटिमीटरची गादी अगदी योग्य बसली. तिला काठ एकाच बाजूला आहे. कुत्री त्यावर हनुवटी टेकवते, आणि उरलेल्या तीन बाजूंनी तिला पाय न उचलता उतरता येते.

फोमइतकेच महत्त्व खोळीला आहे. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून गळून अंथरुणात पडतात आणि तिथेच वाढतात, त्यामुळे खोळ दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुणे आवश्यक असते. बाहेरची खोळ सहज निघते आणि धुऊन आटत नाही. फोमभोवती जलरोधक अस्तराची वेगळी खोळ आहे. म्हाताऱ्या कुत्रीकडून झोपेत कधी लघवी झाली, तरी फोम कोरडा राहिला. परंतु बाहेरचे कापड इतके जाड आहे की पावसाळ्यात ते वाळायला दोन दिवस लागतात, आणि विक्रेता दुसरी खोळ सुटी विकत नाही. साडेपाच हजार रुपये घेणाऱ्या विक्रेत्याने ती द्यायलाच हवी होती. आम्ही अखेर शिंप्याकडून पातळ कॅनव्हासची खोळ शिवून घेतली.

उकाड्याची तक्रारही खरी आहे. मेमरी फोम उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे मे महिन्यात दुपारी कुत्री गादी सोडून न्हाणीघराच्या उंबऱ्याशी फरशीवर जाऊन पडत असे. रात्री पंख्याखाली मात्र ती आपण होऊन गादीवर येई. आता सकाळी उठताना तिचे मागचे पाय पूर्वीपेक्षा कमी अडखळतात, यात औषधांचा वाटा किती आणि गादीचा किती हे वेगळे सांगता येणार नाही. कोपरांवरील घट्टे मात्र स्पष्टपणे मऊ पडले आहेत.

सात-आठ वर्षांपुढील मोठ्या जातीच्या कुत्र्यासाठी ही गादी मी अवश्य सुचवेन. पिल्लासाठी ती घेऊ नये: दात येत असताना पिल्ले फोम कुरतडतात आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. त्या वयात घडी घातलेली जुनी सुती चादर पुरेशी आहे, आणि तीही फाटू लागली की लगेच बदलावी.