डाएट चार्ट मागायला गेले, सर म्हणाले भाकरी खा (रत्नागिरीतली आमच्या घराजवळची जिम)

आधीच सांगते, महिन्यात दहा किलो वगैरे उतरवायचे असतील तर इथे जाऊ नका, इथले सर चार्टच देत नाहीत. मी मागितला तर म्हणाले, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बांगडा हेच जेवता ना, मग तेच जेवा, भात एक वाढ कमी घ्या आणि आठवड्याला चार दिवस इथे या. मनात म्हटलं, याचे पैसे द्यायचे?

कारण फेब्रुवारीत एका ऑनलाईन डाएटवाल्यांना (नाव घेत नाही) साडेचार हजार मोजून बसले होते. भात-पोळी बंद, ओट्स चालू. शिमग्याला पालखी घरी आली, पुरणपोळीचा घास खाल्ला तर ग्रुपवर त्याला चीट म्हणाले, अहो देवाचा नैवेद्य तो! पण पहिल्याच आठवड्यात तीन किलो गेले म्हणून मी गप्प. ते बरंचसं पाणीच असतं हे सरांनी नंतर समजावलं, अंगात साठलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साखरेच्या साठ्याच्या) एका ग्रॅमला साधारण ३ ग्रॅम पाणी धरून असतं, भात तोडला की आधी तेच जातं. मग हापूस आला, पुढचं काय सांगू, मे संपेस्तोवर सगळं परत आणि वर दोन किलो व्याज.

भाट्याच्या किनाऱ्यावर चालायचे तेही पावसात बंद पडतं, म्हणून जूनपासून इथे. जागा लहान, वर पत्रे, पाऊस लागला की सरांचं काही ऐकू येत नाही. खाऱ्या हवेने डंबेल्स गंजलेत, हात तांबडे होतात, टॉवेल न्याच. लाईट गेली की ट्रेडमिल ठप्प, मग सर सगळ्यांना उठाबशा काढायला लावतात. सकाळी ६ ला बायकांची बॅच, पाऊण तास, फी ७००. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि २ दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, आमची चार दिवसांत १८० होतात.

गणपतीत पाच दिवस दांडी, मोदक किती ते मोजले नाहीत. सहाव्या दिवशी सरांचा मेसेज, "उद्या येताय ना?" बस एवढंच.

पाच महिन्यांत वजन साडेतीन किलोच उतरलंय, पण एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ६.२ वरून ५.८ वर आलं आणि रत्नदुर्गावर भगवतीला जाताना मध्ये बसावं लागलं नाही. चार स्टार. एक गंजाचा कापलाय, डंबेल्सना रंग काढलात की देते.