पीसीव्ही-१३ लस: बूस्टर घेतला तरच पूर्ण गुण

पीसीव्ही-१३ ही बाळांना न्यूमोनिया, मेंदूज्वर घडवणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूविरुद्धची लस. अर्ध्या मिलिलिटरच्या तिच्या सिरिंजमध्ये या जिवाणूच्या १३ प्रकारांच्या कवचातली शर्करा भरलेली असते. प्रत्येक प्रकाराची २.२ मायक्रोग्रॅम, फक्त ६बी या प्रकाराची दुप्पट. बेरीज ३०.८ मायक्रोग्रॅम. खरी करामत मात्र त्या शर्करेला जोडलेल्या सीआरएम१९७ या प्रथिनाची. घटसर्पाच्या विषातलं एकच अमिनो आम्ल बदललं की हे प्रथिन तयार होतं, आणि विषारीपणा संपतो.

ही जोडणी कशासाठी? २३ प्रकारांच्या जुन्या लसीत प्रत्येक प्रकाराची २५ मायक्रोग्रॅम नुसती शर्करा असते, म्हणजे इथल्या दसपटीहून जास्त. मोठ्यांना ती चालते, दोन वर्षांखालच्या बाळात तिचा फारसा उपयोग होत नाही. नुसत्या शर्करेला उत्तर देणाऱ्या प्लीहेतल्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) तेव्हा कच्च्या असतात आणि त्यांना मदत करणाऱ्या टी पेशींना शर्करा हाक मारू शकत नाही. प्रथिन जोडलं की बी पेशी शर्करा ओळखते, पण गिळते दोन्ही. मग प्रथिनाचे तुकडे टी पेशीपुढे धरते आणि तिची मदत मिळवते. त्यातून नेमकी बसणारी प्रतिपिंडं आणि जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात. शर्करेचा धडा प्रथिनाच्या वशिल्याने पदरात पाडून घेतला, असंच म्हणायचं.

लसीचं संरक्षण तयार होईतोवर बाळ आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांच्या ठेवीवर असतं. आयजीजी या गटाची प्रतिपिंडं वारेतून मुख्यतः शेवटच्या तिमाहीत उतरतात, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा वाटा आधीच कमी. त्यात शर्करेविरुद्धची बरीचशी प्रतिपिंडं आयजीजी-२ गटातली असतात आणि हा गट वार ओलांडायला आळशी. जे मिळतं तेही साधारण महिन्याभरात निम्मं होत जातं. आईच्या दुधातलं आयजीए हे दुसऱ्या गटाचं प्रतिपिंड घशाच्या अस्तरावर पहारा देतं, पण रक्तात शिरत नाही. म्हणून पहिला डोस ६ आठवड्यांना, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळालाही जन्मतारखेपासूनच मोजून. आईचा वाटा भरपूर असेल तर पहिल्या डोसला बाळाचं उत्तर थोडं दबतं, पण थांबण्यात त्याहून मोठा धोका आहे.

मुख्य वेळापत्रकं दोन: किमान ४ आठवड्यांच्या अंतराने तीन डोस आणि बूस्टर नाही, किंवा किमान ८ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि ९ ते १८ महिन्यांत बूस्टर, म्हणजे आठवण ताजी करणारा जादा डोस. आमचं मत दुसऱ्याला. रक्तात दर मिलिलिटरला ०.३५ मायक्रोग्रॅम आयजीजी ही प्राथमिक डोसांनंतरची मान्य कसोटी. दोन डोसांनंतर बहुतेक प्रकार ती गाठतात, पण ६बी आणि २३एफ मागे रेंगाळतात. बूस्टर पडला की स्मृतिपेशी जाग्या होतात आणि पातळी झपाट्याने वर जाते. तोच डोस सर्वांत जास्त चुकतो, कारण बाळ तेव्हा हसतंखेळतं असतं. उशीर झाला तर मालिका नव्याने सुरू करायची नाही, राहिलेला डोस द्यायचा. वर्ष उलटेपर्यंत एकही डोस झाला नसेल, तर दुसऱ्या वर्षात ८ आठवड्यांच्या अंतराने दोन पुरतात.

हाताळणीत लस नाजूक. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस. उष्णतेची धास्ती सगळ्यांना असते, बर्फाची फार कमी जणांना. खरं तर गोठणं जास्त घातक. लसीचा असर वाढवायला तिच्यात घातलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटचे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर पूर्ववत होत नाहीत. गोठल्याची शंका आली तरी सिरिंज टाकून द्यावी. नीट ठेवलेल्या सिरिंजमध्येही तळाशी पांढरा थर आणि वर नितळ पाणी दिसतं. तो दोष नव्हे. जोरात हलवून एकसारखं दुधाळ झाल्यावरच टोचायचं. गुठळ्या राहिल्या तर वापरायची नाही. जागा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या स्नायूची, कुल्ल्याची नव्हे. दुसरी लस त्याच दिवशी चालते, त्याच सिरिंजमध्ये मिसळून नाही.

आणि ताप येण्याआधीच पॅरासिटामॉल पाजायची सवय सोडावी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेक प्रजासत्ताकातल्या चाचणीत असं औषध दिलेल्या बाळांत न्यूमोकोकसविरुद्धची प्रतिपिंडं कमी तयार झाली. ताप आल्यावर, बाळ बेचैन असेल तर देणं वेगळं.

आता उणीवा. प्रकार ३ विरुद्ध लस कमकुवत आहे: त्याचं कवच पेशीभित्तीला घट्ट जोडलेलं नसतं, सुटून तरंगतं आणि प्रतिपिंडं त्यावरच खर्ची पडतात. न्यूमोकोकसचे प्रकार शंभराहून जास्त, त्यामुळे लसीने हटवलेल्या प्रकाराच्या रिकाम्या जागी दुसरा येऊन बसतो. २००० मध्ये आलेल्या सात प्रकारांच्या लसीनंतर १९ए असाच बळावला. २०१० मध्ये आलेल्या या लसीत तो घेतलेला आहे. कान फुटण्यामागे वारंवार असणाऱ्या कवचहीन हिमोफिलस या वेगळ्या जिवाणूवर तर तिचा काहीच ताबा नाही.

पीसीव्ही-२० ही २० प्रकारांची लस मिळत असेल तर आवाका नक्कीच वाढतो, पण सामाईक प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडं काही ठिकाणी १३ पेक्षा थोडी कमी भरतात. १३ ने सुरू केलेलं वेळापत्रक २० ने पूर्ण करता येतं. नवी लस येईपर्यंत बूस्टर लांबवणं मात्र तोट्याचं.