लोणावळा ते भीमाशंकर तीन दिवस चालताना वापरलेले डास-प्रतिबंधक लोशन : सविस्तर अनुभव

कोजागिरीनंतरच्या आठवड्यात मी, माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि माझा थोरला भाऊ असे तिघे लोणावळ्याहून भीमाशंकरपर्यंत चालत गेलो. वाट जुनी आणि पुण्या-मुंबईच्या भटक्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. पुण्याहून सकाळची लोकल पकडून लोणावळ्याला उतरायचे, तुंगार्लीच्या बाजूने वर चढायचे आणि मग सह्याद्रीचा कडा डाव्या हाताला ठेवून कोंडेश्वर, कुसूर, वांद्रे (मुंबईचे नव्हे) असे करत तिसऱ्या दिवशी भीमाशंकरच्या अभयारण्यात शिरायचे. पाणी कुठे भरायचे, मुक्काम कुठे करायचा आणि परतीची एसटी किती वाजता आहे, याविषयी विचारले तर दहा जण दहा प्रकारची माहिती देतात. परंतु ऑक्टोबरात गवत कमरेएवढे असताना आणि डबकी अजून आटलेली नसताना चावणाऱ्या किड्यांचे काय करायचे, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ‘एखादी ट्यूब टाका सॅकमध्ये’ एवढेच असते. ती ट्यूब कोणती असावी आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे या वेळी मी काळजीपूर्वक पाहिले.

आम्ही नेलेली मुख्य वस्तू म्हणजे वीस टक्के इकारिडिन असलेले लोशन, शंभर मिलिलिटरची फवाऱ्याची बाटली. यालाच पिकारिडिन असेही म्हणतात. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हा घटक असलेली उत्पादने एकाहून अधिक कंपन्यांची मिळतात आणि माझ्या अनुभवाप्रमाणे निर्णय घ्यायचा तो बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांतला घटक आणि त्याची टक्केवारी वाचून. पुढच्या बाजूचे झाडाचे चित्र आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द पाहून मी पूर्वी एकदा फसले आहे. त्या वेळी घेतलेल्या गवती वासाच्या फवाऱ्यावर आठ तासांचे संरक्षण छापलेले होते आणि कातरवेळी तासाभरातच मुलाचे दोन्ही कान सुजले होते. सिट्रोनेला तेलाला डासांना दूर ठेवण्याचा गुण नाही असे नव्हे. पण ते लवकर उडून जाते, आणि घामाने भिजलेल्या, वाऱ्यात चालणाऱ्या माणसाच्या अंगावर तर फारच लवकर.

दुसरा पर्याय डीटचा होता. अमेरिकी लष्करासाठी १९४६ साली तयार झालेले आणि १९५७ पासून सामान्य लोकांच्या वापरात आलेले हे रसायन आजही कसोटीचे माप समजले जाते. वीस ते तीस टक्के प्रमाण असेल तर ते साधारण चार-पाच तास काम देते आणि पन्नास टक्क्यांच्या पुढे गेल्याने त्याचा काळ फारसा वाढत नाही. मी ते मागच्या काही पदभ्रमणांत वापरले आहे आणि डासांपुरती माझी त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ते प्लॅस्टिक आणि काही कृत्रिम धाग्यांचे कापड विरघळवते. माझ्या होकायंत्राच्या पारदर्शक पट्टीवर आजही माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला आहे. रेघान् रेघ मोजता येईल इतका स्वच्छ, आणि नेमका अंशांच्या आकड्यांवर. चष्मा, घड्याळाचा पट्टा, टॉर्च, पावसाळी जॅकेट अशा सगळ्या वस्तू दिवसभर हातात येत असताना हा दोष मला मोठा वाटतो. इकारिडिनला तो नाही. काळ्या मिरीतील पायपरिनशी रचनेचे नाते सांगणारे हे द्रव्य बायर कंपनीने १९८०च्या दशकात विकसित केले. त्याला वास जवळजवळ नसतो आणि ते त्वचेवर चिकटही लागत नाही. मुलाने ते न कुरकुरता लावून घेतले, यातच माझ्यासाठी निम्मा निकाल लागला.

लावण्याच्या पद्धतीवर मात्र सर्व काही अवलंबून आहे. ही औषधे डास मारत नाहीत. आपला श्वास, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांच्या मागावर येणाऱ्या मादीला कातडीजवळ आल्यावर आपला ठाव लागू नये, एवढेच त्यांचे काम असते. त्यामुळे दोन बोटे जागा जरी सुटली तरी डास नेमका तिथेच बसतो. पहिल्या संध्याकाळी भावाने घोट्याच्या मागची बाजू सोडली होती आणि सकाळी तेवढ्याच पट्ट्यात सात गांध्या होत्या. उन्हाचे मलम लावायचे असेल तर ते आधी लावावे, ते मुरू द्यावे आणि मग हे लोशन लावावे. दोन्ही एकत्र असलेली उत्पादने घेऊ नयेत, कारण उन्हाचे मलम पुन्हा पुन्हा लावावे लागते आणि त्याबरोबर हे औषधही विनाकारण अंगावर चढत जाते. चेहऱ्यावर थेट फवारा मारू नये, तळहातावर घेऊन पुसावे. मुलांच्या तळहातांना मात्र ते लावूच नये, कारण त्यांचे हात डोळ्यांत आणि तोंडात जातात.

पहिला मुक्काम आम्ही कुसूरच्या पठाराकडे केला. तिथून खाली ठोकरवाडी धरणाचा फुगवटा दिसतो आणि साहजिकच पाण्याजवळ उतरून तंबू लावावा असे मनात येते. वाटेत गुरे घेऊन परतणाऱ्या एका आजींनी आमचा बेत ऐकला आणि काठी टेकवून त्या थांबल्या. “खाली नगा जाऊ बाई, मुरकुटं पोराला फोडून काढतील. वर वाऱ्याला ऱ्हावा,” त्या म्हणाल्या. भावाने विचारले, “आजी, शेणीचा धूर केला तर?” त्यावर त्यांचे उत्तर होते, “धूर वारा नसंल तवाच. वारा असंल तर वाराच पुरं.” सबंध प्रवासातला हा सर्वांत उपयोगी सल्ला ठरला. मुरकुटे म्हणजे चावणारे अगदी बारीक किडे. ती आणि चिलटे इतकी हलकी असतात की थोड्याशा वाऱ्यातही त्यांना धड उडता येत नाही. आम्ही उघड्या, झुळूक लागणाऱ्या डोंगरसोंडेवर तंबू ठोकला. भाऊ पाणी भरायला खाली गेला तेव्हा वीस मिनिटांत हैराण होऊन परतला आणि वर आम्ही निवांत खिचडी खात होतो.

त्या संध्याकाळी साडेपाचला लावलेले लोशन रात्री साडेदहापर्यंत पुरले. नंतर मुलाच्या कपाळावर पहिला डास बसलेला मी पाहिला. पाच तास हा आकडा आमच्या अंगाचा, आमच्या घामाचा आणि त्या हवेचा आहे. चढावर चालताना दुपारी तेच लोशन तीन तासांतच फिके पडले. म्हणून मी त्याचा उपयोग दिवसभरासाठी केला नाही. दिवसा अंगभर फिक्या रंगाचे सैल कपडे आणि मोज्यांत खोचलेली पँट, आणि लोशन कातरवेळेपासून झोपेपर्यंत, अशी विभागणी केली. तिघांना तीन दिवसांत बाटलीचा दोन तृतीयांश भाग लागला. झोपण्यापूर्वी ओल्या फडक्याने ते पुसून मच्छरदाणीत शिरायचे. मच्छरदाणी मी रविवार पेठेतून जाळीचे कापड आणून घराजवळच्या शिंप्याकडून शिवून घेतली होती. डासांसाठी चौरस इंचाला १५६ छिद्रे पुरेशी मानली जातात, पण मुरकुटे त्यातूनही आत येतात, त्यामुळे पाण्याजवळ राहायचेच असेल तर त्याहून बारीक विणीची जाळी घ्यावी.

लोशनने हात टेकले ते गोमाशीपुढे. वांद्र्याच्या अलीकडे गुरांच्या वाटेवर या माश्यांनी आमचा चांगला मैलभर पाठलाग केला. गोमाश्या वासापेक्षा हलणारी गडद आकृती पाहून येतात. माझी पांढरट ओढणी त्यांनी सोडली आणि मुलाच्या गडद निळ्या सॅकभोवती घिरट्या घातल्या. गोमाशी कातडी कापून रक्त पिते, तिचा चावा शर्टावरूनही लागतो. तिच्यासाठी मी कोणतेही मलम सुचवणार नाही. फिक्या रंगाचा कपडा सॅकवर टाकावा आणि ढोरवाट दुपारच्या आत ओलांडावी.

गोचिडीचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. भावाच्या पँटवर आणि मोज्यांवर घरूनच पर्मेथ्रिन या कीटकनाशकाची अर्धा टक्का फवारणी करून ती पूर्ण वाळवली होती. ते कपड्यांसाठीच आहे, कातडीला लावायचे नाही. घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवावेत, आणि ओढ्यात ते धुऊ नयेत, कारण माशांना आणि पाण्यातल्या जिवांना ते घातक असते. भावाला तिन्ही दिवसांत एकही गोचीड लागली नाही. दुसऱ्या रात्री मुलाच्या गुडघ्याच्या मागे मात्र तिळाएवढा काळसर दाणा दिसला. टॉर्च जवळ नेली तेव्हा त्याचे पाय हलताना दिसले. तिथे रॉकेल लावणे, उदबत्तीचा चटका देणे हे प्रकार करू नयेत. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून, न पिळता, सावकाश सरळ वर ओढली की ती अखंड निघते. मग साबणाने जागा धुऊन मी तारीख वहीत लिहून ठेवली.

तारीख लिहिण्याचे कारण आहे. आपल्या पुण्यात १९५२ साली सुरू झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्राने १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलातल्या माकडतापाचा विषाणू शोधला. तो गोचिडीतून पसरतो आणि सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. गवतातल्या माइट या अतिसूक्ष्म जिवाच्या अळ्यांमुळे होणारा स्क्रब टायफस हा तापही असाच. चावा दुखत नाही, आणि साधारण दहा दिवसांनी ताप येतो तेव्हा माणूस भटकंती विसरून गेलेला असतो. चाव्याच्या जागी काळी खपली धरली असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी आणि आपण कोणत्या गवतात बसलो होतो हे सांगावे. वेळेत ओळखला तर स्क्रब टायफस डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने बरा होतो. म्हणूनच गवतावर थेट आडवे होण्याऐवजी आम्ही प्रत्येक विश्रांतीला प्लॅस्टिकची चादर अंथरत होतो.

कड्यांखालून जाताना आग्या मोहोळाचेही भान ठेवावे. तिथे लोशनचा काहीही उपयोग नाही. अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळून शांतपणे पुढे सरकावे.

लोशनविषयी माझी एकच खरी तक्रार बाटलीच्या झाकणाची आहे. फवाऱ्याची कळ सॅकमध्ये दाबली जाते आणि औषध गळते. पहिल्या दिवशी आमचा पोह्यांचा डबा थोडक्यात वाचला. कळीभोवती रबर गुंडाळून बाटली वेगळ्या पिशवीत, खाण्यापासून दूर ठेवली की हा प्रश्न सुटतो. डासांसाठी मी या लोशनला दहापैकी आठ गुण देईन, गोचिडीसाठी पाच, आणि गोमाशीसाठी एकही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भीमाशंकरच्या राईत उंच फांदीवर शेकरू दिसले. आम्ही तिघे माना वर करून दहा-बारा मिनिटे उभे होतो आणि तेवढ्या वेळात कोणालाही हात हलवून मान खाजवावी लागली नाही.