दामिनी ॲप: शेतावर जाण्याआधी उघडाच

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं हे मोफत ॲप विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनमध्ये हवंच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात तिथे विजा फार पडतात. नकाशावर तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात. गेल्या ५, १० आणि १५ मिनिटांतल्या विजांचे ठिपके वेगवेगळ्या रंगांत येतात, त्यामुळे ढग कुठे सरकतोय ते कळतं. ठिपके जवळ येताना दिसले की औत तिथेच सोडा, पक्कं घर गाठा. झाडाखाली थांबू नका.

लोकेशन कायम चालू ठेवा. बॅटरी सेव्हरमुळे सूचना अडकते, तिथे दामिनीला सूट द्या. रेंज गेली तर मात्र कान हाच आधार: चमक आणि गडगडाटात ३ सेकंदांचं अंतर म्हणजे वीज साधारण १ किलोमीटरवर.