चित्रपटाची सुरुवातीची पाच मिनिटं वाचायला शिकवणारी कार्यशाळा

पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्याजवळची ही दोन दिवसांची कार्यशाळा जरूर करावी अशी आहे. भर भाषणांवर नाही, तक्त्यावर. ५ रकाने: शॉट (एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचा सलग तुकडा) क्रमांक, सेकंद, कॅमेऱ्याचं अंतर, आवाज आणि प्रेक्षकाला नवीन काय कळलं. एकच सुरुवात तीनदा घ्यायची: आधी आवाज बंद करून, मग पडद्याकडे पाठ करून, शेवटी पूर्ण. ‘सैराट’ (२०१६) आवाजाविना पाहिला की उरतो नुसता क्रिकेटचा सामना. कॉमेंट्री परत आली की अख्खं गाव बोलायला लागतं. ‘शोले’त (१९७५) आगगाडी, मग खडकाळ माळावरचे घोडेस्वार आणि त्यावर धावणारी श्रेयनामावली. वेस्टर्नची, म्हणजे अमेरिकी घोडेस्वारपटांच्या शैलीची, ओळख तिथेच पटते.

बहुतेकांचं चुकतं ते पाचव्या रकान्यात. ‘तो घाबरलाय’ हा निष्कर्ष झाला. ‘कप उचलताना हात थरथरतो, चहा बशीत सांडतो’ असं लिहायला हवं. कॅमेरा नुसता वळला तरी नवा शॉट मोजतात, त्यामुळे सेकंदांचा हिशेब पार बिघडतो.

भयपटाला जेमतेम २० मिनिटं मिळतात, हे कमीच. आणि हॉलचे स्पीकर खर्जात फुटतात. ध्वनी शिकवताना हे चालणार नाही. तक्ता लॅपटॉपवर भरायचा असतो, तेव्हा चांगले हेडफोन सोबत न्या.