दांडिया बाजारातला फिले क्रोशाचा वर्ग : चार रविवारांचा अनुभव

दरवर्षी गौरींच्या नैवेद्याचे ताट आमच्या घरी ज्या झाकणीने झाकले जाते, ती माझ्या आजीने क्रोशाने विणलेली आहे. पांढऱ्या दोऱ्याच्या जाळीत समोरासमोर बसलेले दोन पोपट आणि भोवती वेलीची पट्टी, असा तिचा नमुना आहे. मागच्या वर्षी सण झाल्यावर ती धुऊन खिडकीत वाळत घातली, तेव्हा मागून ऊन आले आणि त्या पोपटात एकही वाकडी रेघ नाही, हे मला पहिल्यांदाच दिसले. सगळी जाळी म्हणजे एकसारखी चौकोनी घरे आहेत. काही रिकामी ठेवली आहेत, काही दोऱ्याने भरली आहेत, आणि पोपटाचा डोळा म्हणजे भरलेल्या घरांच्या मध्ये सोडलेले एकच रिकामे घर आहे. या प्रकाराला फिले क्रोशा म्हणतात. फ्रेंच भाषेत फिले म्हणजे जाळे. गाठी मारून जाळे तयार करायचे आणि त्याची घरे रफू केल्यासारखी सुईने भरायची, अशी लेस युरोपात फार पूर्वीपासून होत असे. १५८७ साली पॅरिसमध्ये छापल्या गेलेल्या, फेदेरिको विंचोलो या इटालियन नमुनाकाराच्या पुस्तकातले बरेच नमुने अशाच चौकटींवर काढलेले आहेत. क्रोशाने तेच रूप एकही गाठ न मारता, आकड्याच्या एका सुईने साधले.

आजी आता नाही, आणि आईला विणता येते ते दोन सुयांवरचे लोकरीचे. म्हणून मी आधी इंटरनेटवरून ‘नवशिक्यांसाठी फिले क्रोशा’ असे लिहिलेला एक तयार संच मागवला. साडेसहाशे रुपयांच्या त्या डब्यात सहा रंगांची जाड ॲक्रिलिक लोकर, ४ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई आणि गुलाबाचा एक नमुना निघाला. दोन आठवडे मी त्यावर मेहनत घेतली. लोकर ताणली जाते आणि तिला रोवा असतो, त्यामुळे रिकामी घरे रिकामी राहतच नाहीत. भरलेले घर कोणते आणि मोकळे कोणते हे हातभर अंतरावरून कळेना, मग गुलाब कुठून दिसणार? अशा सामानाने सुरुवात करणाऱ्या बाईला हे काम आपल्याला जमणारे नाही असेच वाटेल, आणि याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटले. दोष हाताचा नसतो, सामानाचा असतो.

त्यानंतर शेजारच्या वहिनींनी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंचा पत्ता दिला. जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्याच घरात, त्या दर रविवारी दुपारी चार ते सहा क्रोशा शिकवतात. चार रविवारांचे बाराशे रुपये घेतात आणि एका वेळी आठजणींपेक्षा जास्त कोणाला बसवत नाहीत. आमच्या गटात पाच मराठी आणि तीन गुजराती होत्या. गुजराती मैत्रिणी या कामाला ‘अंकोडीनुं गूंथण’ म्हणतात. काकू दोन्ही भाषांत तितक्याच सहजपणे समजावतात, आणि बडोद्यात दुसरे काही अपेक्षितही नसते.

सामान आपले आपण आणायचे असते, पण काय आणायचे ते त्या फोनवर अगदी नेमके सांगतात: २० नंबरचा मर्सराइज्ड सुती दोरा, पांढरा किंवा मोतिया रंगाचा, गडद रंगाचा मुळीच नाही, सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई, आणि मुलांची गणिताची चौकटीची वही. मंगळ बाजारातल्या दोऱ्या-मण्यांच्या दुकानात मला अँकरचा दोरा आणि पोनीची सुई लगेच मिळाली. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे पहिल्यांदा घेणाऱ्याने लक्षात ठेवावे, कारण ४० नंबर हा २० पेक्षा जाड असेल अशी माझी समजूत होती आणि मी तोच उचलणार होते. मर्सराइज्ड या शब्दाचे मूळ जॉन मर्सर या इंग्रजाच्या नावात आहे. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सुताचा पोत बदलतो हे त्याने १८४४ मध्ये पाहिले. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने सूत ताणून धरून हीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला चकाकी आली. फिलेसाठी हा दोरा का हवा, ते हातात घेतल्यावर समजते. तो गुळगुळीत असतो, ताणला जात नाही, आणि घराच्या भिंती ताठ उभ्या राहतात.

पहिल्या रविवारी दोन तास आम्ही फक्त रिकामी घरे विणली. फूल, पोपट, अक्षर यांतले काहीच नाही. मला हा वर्ग मनापासून आवडण्याचे खरे कारण हेच आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. दहा घरांच्या तुकड्यासाठी ३५ साखळ्या घालायच्या: प्रत्येक घराला तीन आणि वर पाच. वरच्या पाचांपैकी तीन साखळ्या पहिला खांब, म्हणजे घराची भिंत होणारा उभा टाका, म्हणून उभ्या राहतात आणि दोन पहिल्या घराचे छप्पर होतात, म्हणून विणलेला पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत येतो. पुढे दोन साखळ्या, खाली दोन सोडून तिसरीत खांब, असे ओळ संपेपर्यंत. ओळ उलटली की पुन्हा पाच साखळ्यांनी सुरुवात, आणि मग खांबाच्या डोक्यावर खांब. एवढाच हा खेळ आहे, पण दहा ओळी झाल्यावर काकूंनी प्रत्येकीच्या तुकड्याला पट्टी लावली. माझा तुकडा साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंच भरला. काकू म्हणाल्या, “यात पोपट घातलास तर बदक होईल गं. उसव.”

मी उसवला. माझ्या साखळ्या सैल होत्या आणि खांब बुटके होते. सुईवर दोरा घेऊन खालच्या टाक्यातून बाहेर काढलेला पहिला वेढा किती वर ओढायचा, यावर खांबाची उंची ठरते; तो वेढा पूर्ण उंचीला आणून मगच पुढचे दोन भाग पूर्ण करायचे, हे त्यांनी माझा हात धरून चार वेळा करून घेतले. तिसऱ्या तुकड्याला दोन्ही बाजू पाच सेंटिमीटरच्या आल्या. आपल्या डोळ्यांसमोर आडवा आयत हळूहळू चौरस होतो, हा आनंद तयार संचातल्या गुलाबाने मला कधीच दिला नसता. ज्यांचा हात मुळातच आखूड खांब घालतो, त्यांना त्या दुहेरी, म्हणजे जास्त उंच, खांब घालायला सांगतात किंवा घराचे छप्पर एका साखळीचे करायला लावतात. प्रत्येक हाताला वेगळा उपाय असतो, आणि तो समोर बसून पाहणाऱ्यालाच सुचतो.

दुसऱ्या रविवारी घरे भरायला घेतली. एका भरलेल्या घराला चार खांब लागतात, पण शेजारी शेजारी दोन भरली तर आठ नाही, सात. तीन भरली तर दहा, कारण मधली भिंत सामाईक असते. खाली रिकामे घर असेल तर त्याच्या साखळीत सुई टोचायची नाही, साखळीला कवेत घेऊन खांब घालायचे. हे कळले की नमुना वाचणे सोपे होते. नमुना म्हणजे चौकटीच्या कागदावर रंगवलेली घरे: उजव्या हाताने विणणारीने पहिली ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, दुसरी डावीकडून उजवीकडे. आमच्यातली एक मैत्रीण डावखुरी आहे. ती हे सगळे उलट दिशेने वाचते आणि तिचेही काम बरोबर येते. ऑस्ट्रेलियातल्या मेरी कार्ड (१८६१ ते १९४०) या शिक्षिकेला ऐकू येईनासे झाल्यावर शिकवणे सोडावे लागले. तिने क्रोशाचे नमुने करायला घेतले आणि चौकटींवर छापलेल्या तिच्या मोठ्या आलेखांनी तिचे नाव केले. कान साथ देत नसताना केवळ डोळ्यांनी वाचता येईल अशी भाषा तिने निवडली, ही गोष्ट चौकटीची वही उघडताना मला दरवेळी आठवते.

इंटरनेटवरचे नमुने वापरणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देते. अमेरिकेत ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटनमध्ये ट्रेबल म्हणतात, त्यामुळे नमुना कुठला आहे हे आधी पाहावे. आपल्याकडे खांब म्हटले की हा घोळ उरत नाही.

तिसऱ्या रविवारी अक्षरे झाली, आणि हा भाग इतर कुठे शिकायला मिळेल असे मला वाटत नाही. रोमन अक्षरांचे तयार आलेख हवे तितके मिळतात. देवनागरीचे स्वतः काढावे लागतात. शिरोरेषा ही फिलेला जणू मिळालेली देणगी आहे, कारण भरलेल्या घरांची एक आडवी ओळ घातली की तिच्याखाली सगळे अक्षर लटकवता येते. प, म, ग, न ही सरळ दांड्याची अक्षरे पाच-सहा घरांच्या रुंदीत बसतात. अडचण येते ती तिरक्या आणि गोल अवयवांची. आम्ही ‘श्री’ काढायला घेतला. शची गाठ, तिच्या पोटातून निघणारा रचा तिरका फराटा आणि वरची वेलांटी हे सगळे माझ्या पहिल्या आलेखात एकमेकांत मिसळून एक काळा ठोकळा झाला. काकूंनी खोडरबर घेऊन माझी सहा घरे पुसली आणि फराट्याच्या वर एकेक रिकामे घर जिन्यासारखे तिरके उतरत ठेवले. मग तोच ठोकळा एकदम ‘श्री’ दिसू लागला. वेलांटीसाठी शिरोरेषेच्या वर निदान तीन ओळी राखाव्या लागतात, हे तेव्हा समजले. जाळी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, पण अक्षर मागून उलटे वाचले जाते, म्हणून दारावर लावायच्या तोरणात अक्षरे घालताना समोरची बाजू आधी ठरवावी.

शेवटच्या रविवारी धुणे आणि ताणणे शिकवले. विणून झालेला तुकडा कोमट पाण्यात धुऊन, साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून, जाड चादरीवर टाचण्यांनी चारी बाजू सरळ रेषेत खेचून बसवायचा. वाकडीतिकडी दिसणारी माझी घरे सकाळपर्यंत ओळीत उभी राहिली होती. टाचण्या गंज न धरणाऱ्याच घ्याव्यात. बडोद्याच्या पावसाळ्यात साध्या टाचणीचा डाग एका रात्रीत उतरतो, आणि तो पांढऱ्या सुतावरून सहजासहजी जात नाही.

आता उणिवा. वाड्याचा जिना उंच आणि अरुंद आहे, कठड्याला आधार कमी आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी आधी विचार करावा. पावसाळी दुपारी पाचनंतर खोलीत उजेड पुरत नाही. पांढऱ्या दोऱ्यावर पांढरे टाके मोजताना डोळ्यांना ताण पडतो, म्हणून मी तिसऱ्या रविवारपासून स्वतःचा टेबलदिवा नेला. काकू काहीही लिहून देत नाहीत. सगळे ऐकून वहीत उतरवावे लागते, आणि एखादा रविवार चुकला तर तो भाग दुसऱ्या गटात बसून भरून काढावा लागतो. कडेची घरे वाढवणे आणि कमी करणे चार रविवारांत येत नाही. त्यामुळे चौकोनी तुकडे, पट्ट्या, तोरणे जमतात, पण गोलाकार किंवा कंगोऱ्यांची कड असलेला रुमाल जमत नाही. त्यासाठी पुढचा चार रविवारांचा वर्ग आहे, आणि पहिल्याच वर्गात हे स्पष्ट सांगितले असते तर बरे झाले असते असे मला वाटते.

ज्यांना साखळी आणि खांब आधीपासून येतात त्यांनी पहिला रविवार वाया जाईल असे समजू नये. आमच्यातल्या दोघींना वीस वर्षांचा सराव होता आणि त्यांचेही तुकडे पट्टीला उतरले नव्हते. ज्यांनी सुई कधीच धरलेली नाही, त्यांनी घरी आठवडाभर नुसत्या साखळ्या घालून मग जावे. सामानाला मला दोऱ्याच्या दोन गुंड्या, सुई आणि वही धरून तयार संचाच्या निम्म्याहूनही कमी खर्च आला.

सध्या माझ्या सुईवर साठ घरे रुंदीची ताटझाकणी आहे. आजीच्या झाकणीवरून पोपटाचा आलेख मी भिंगाने घरे मोजत वहीत उतरवला. मोजताना एका पोपटाच्या शेपटीत एक घर जास्त भरलेले सापडले. ते मी तसेच ठेवले आहे. तेवीस ओळी झाल्या आहेत, आणि कालच डोळ्याचे रिकामे घर आले.