शब्बाथ शाळेतील करंज्या : ठाण्यातील मुलांच्या एका स्वयंपाकवर्गाचे परीक्षण

नाताळच्या आधीच्या एका शनिवारी ठाणे पूर्वेतील एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथ शाळेने, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गाने, ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत स्वयंपाकाचा वर्ग घेतला. मंडळीतील कामे एकमेकांच्या आधाराने कशी चालतात हे मुलांना शिकवणे हा त्याचा जाहीर हेतू होता, आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासनेनंतर होणाऱ्या प्रीतिभोजनासाठी लागणाऱ्या करंज्या मुलांनीच करायच्या, असे ठरले होते. माझी मुलगी त्यात होती, आणि पालकांना मदतीसाठी थांबण्याची मुभा असल्यामुळे मला तो वर्ग आरंभापासून अखेरपर्यंत पाहता आला. शुल्क मुलामागे दीडशे रुपये होते व साहित्य, एप्रन आणि मधल्या वेळचे खाणे त्यातच धरलेले होते. वर्ग चांगला झाला आणि पुन्हा झाला तर मुलांना अवश्य पाठवावे, असे माझे मत आहे. मात्र आयोजकांनी ज्या भागावर सर्वाधिक मेहनत घेतली होती, म्हणजे फळ्यावरचे चित्र, प्रवचन आणि प्रश्नपत्रिका, तो त्यातला सर्वांत फिका भाग होता. शिकवण्याचे काम करंजीने केले.

पदार्थाची निवड हेच या वर्गाचे खरे यश आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. सुट्टीतल्या शिबिरांत मुलांच्या 'स्वयंपाका'साठी सहसा तयार बिस्किटे, क्रीम आणि रंगीत गोळ्या आणल्या जातात. प्रत्येक मूल आपले बिस्किट सजवते, त्याचा फोटो निघतो आणि ते घरी नेऊन खाते. मुले एका टेबलाभोवती बसलेली असली तरी शेजाऱ्याचे काम चुकल्याने कोणाचे काही बिघडत नाही, आणि जिथे कोणाचे काही बिघडत नाही तिथे सहकार्य शिकायचे कारणही उरत नाही. करंजीत तसे करता येत नाही. रवा-मैद्यात कडकडीत मोहन घालून तो दुधात भिजवायचा, झाकून मुरू द्यायचा, तोवर सुके खोबरे, खसखस आणि रवा भाजून सारणाची तयारी करायची, ते पूर्ण निवल्यावरच पिठीसाखर व वेलचीपूड मिसळायची, मग लाट्या, पाऱ्या, भरणे, दुधाचे बोट फिरवून कडा दाबणे, कातण्याने कापणे आणि शेवटी मध्यम आचेवर तळणे, अशी ही साखळी आहे. तिच्यातला कोणताही दुवा एकट्याने पूर्ण होत नाही आणि कोणताही गाळता येत नाही. शिवाय मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळात करंजी असतेच, त्यामुळे मुलांना ती ओळखीची होती. ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे परिसरातील मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या) घरांतून आलेल्या दोघातिघांनी ती आपली नेवरी असल्याचे ठणकावून सांगितले आणि त्यावरून झालेला वाद पीठ मुरेपर्यंत पुरला.

मुलांचे चार गट केले होते आणि गट पाडताना मित्रांना मुद्दाम वेगळे ठेवले होते. ठाण्यातील मंडळ्यांची मुले शाळेने किंवा शेजाराने जोडलेली नसतात. कोणी कळव्याहून येते, कोणी ऐरोलीहून, कोणी घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलातून, आणि रविवारच्या तासाखेरीज त्यांची भेट होत नाही. अशा मुलांना 'आपण एक कुटुंब आहोत' असे सांगणे सोपे आहे, पण त्यांनी एकमेकांची नावे तरी का लक्षात ठेवावीत याचे कारण सहसा कोणी देत नाही. इथे ते कारण पहिल्या तासातच मिळाले, कारण लाट्या हव्या असतील तर पलीकडच्या गटातल्या कोणाला तरी हाक मारणे भाग होते.

वर्गातला सर्वांत मोलाचा प्रसंग कोणी ठरवून घडवलेला नव्हता. लाटणाऱ्या गटात मोठी, हात बसलेली मुले होती व त्यांनी वेगाने पाऱ्यांची चळत लावली. भरणाऱ्या गटातली मुले लहान होती, त्यांचे चमचे सारण सांडत होते, आणि पाहता पाहता वरच्या पाऱ्या वाळू लागल्या. वाळलेल्या पारीची कड चिकटत नाही, हे ज्याने करंज्या केल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. तेव्हा साधारण दहा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "ताई, आम्ही लाटणं थांबवू का?" शिकवणाऱ्या ताईंनी उत्तर दिले, "मला नको विचारू, भरणाऱ्यांना विचार." त्याने विचारले. भरणाऱ्या गटाने थांबण्याऐवजी दोन माणसे मागितली, आणि लाटणाऱ्यांपैकी दोघे लाटणी ठेवून पलीकडे गेले. एकाने उरलेल्या पाऱ्यांवर ओले फडके घातले. पूर्ण सकाळीत यापेक्षा चांगले अध्यापन मी पाहिले नाही. जो वेगाने काम करतो त्याच्या वेगाचा उपयोग पुढच्या माणसाची क्षमता पाहूनच होतो, हे मोठ्यांच्या समित्यांनाही उमगायला वर्षे लागतात. (आमच्या मंडळीच्या बांधकाम समितीला ते अद्याप उमगायचे आहे.)

तळणीचे काम अर्थातच मोठ्यांकडे होते आणि मुलांना शेगडीपासून दूर, आखलेल्या रेषेमागे उभे केले होते. पहिल्या घाण्यात एक करंजी फुटली. सारण तेलात पसरले, जळले आणि त्याच घाण्यातल्या निर्दोष करंज्यांवरही काळे कण चिकटले. तळणाऱ्या काकांनी तेल गाळून घेतले, पण त्याआधी शेगडी विझवून, कढई थोडी निवू देऊन मुलांना ते कण दाखवले, हे मला आवडले. कड कोणी दाबली होती याची चौकशी सुरू होणार इतक्यात एका मुलीने सांगितले की सारण कोमट असतानाच त्यात साखर घातली गेल्यामुळे ते ओलसर झाले होते. म्हणजे दोष कडेचा नव्हता, तीन टप्पे मागचा होता. ज्याच्या हातात वस्तू फुटते तोच दोषी असे नसते, ही गोष्ट मुलांनी एकमेकांशी भांडत का होईना, स्वतः शोधून काढली.

आता शिकवणीच्या भागाविषयी. फळ्यावर माणसाचे चित्र काढून बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय घेतला होता : शरीर एक, अवयव अनेक, डोळ्याने हाताला 'तुझी गरज नाही' असे म्हणता येत नाही. निवड अपेक्षित आणि योग्यच आहे, पण ते विवेचन स्वयंपाकाच्या आधी, अर्धा तास, मुले एप्रन बांधून बसलेली असताना झाले, आणि त्यामुळे बहुतेकांच्या कानावरून गेले. तेच करंजी फुटल्यानंतर पाच मिनिटांत सांगितले असते तर एक अवयव दुखावला की सर्वांना दुःख होते हे वचन मुलांनी कढईत पाहिलेले असते.

त्याहून मोठी उणीव ही की बारावा अध्याय घेताना अकरावा सोडून दिला गेला. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने शरीराचे उदाहरण देण्याच्या थोडे आधी जेवणाविषयीच लिहिले आहे : करिंथची मंडळी एकत्र जमते तेव्हा प्रत्येक जण आपले जेवण आधी उरकतो, एक भुकेला राहतो तर दुसरा प्यालेला असतो, आणि म्हणून जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असे त्या अध्यायाच्या शेवटी तो सांगतो. स्वयंपाकघरात घेतलेल्या वर्गाला याहून नेमका उतारा मिळणार नाही. तसेच बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्यायही हाताशी होता. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, मंडळीकडूनच सात जण निवडून घेतले व त्यांना ते काम सोपवले. स्तेफन आणि फिलिप्प त्या सातांत होते, आणि सातही नावे ग्रीक आहेत हे लक्षात घेतले तर तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूची माणसे वाटपावर नेमली गेली असे दिसते. मुले हा युक्तिवाद सहज समजू शकतात; गटात कोणाला खाऊ कमी मिळाला की त्यांना दुसरे काहीच सुचत नाही. शिक्षकांच्या टिपणांत मात्र याचा उल्लेखही नव्हता.

सर्वांत खटकलेली गोष्ट भांड्यांची. बाराच्या सुमारास मुलांना सभागृहात बसवून 'मी मंडळीची सेवा कशी करीन?' या मथळ्याची प्रश्नपत्रिका दिली गेली, आणि त्याच वेळी मागच्या मोरीवर महिला मंडळाच्या काकू पीठ चिकटलेल्या पराती, पोळपाट आणि तेलकट झारे घासत होत्या. प्रश्नपत्रिका रविवारीही देता आली असती. मंडळीतील बरेचसे काम असे न दिसणारे असते, आणि जेवणानंतर कोण उठते व कोण बसून राहते यावरून तिथली खरी व्यवस्था कळते. मुलांना ते शिकवायचे होते तर त्यांच्या हाती घासणी द्यायला हवी होती, निदान पुसायचे फडके तरी. याच्याशीच जोडलेली दुसरी बाब म्हणजे नकळत पडलेली विभागणी : पीठ मळायला आणि परात उचलायला मुलगे, कडा दुमडायला मुली. कोणी तसे सांगितले नव्हते, पण कोणी बदललेही नाही, आणि गट फिरवण्याची जी सूचना वेळापत्रकात होती ती घाईत राहून गेली.

काही पालकांचे हातही आवरायला हवे होते. मुलाची वाकडी कड दिसली की ती उलगडून सरळ करण्याचा मोह मोठ्यांना होतो, आणि एकदा आईने कड दुरुस्त केली की ते मूल पुढच्या करंजीला हात लावत नाही. आयोजकांनी पालकांना वेगळे काम द्यावे किंवा बाहेर चहाला पाठवावे. कृतीची छापील कार्डे देवनागरीत होती व भाषा सुंदर होती, परंतु इंग्रजी माध्यमातली धाकटी मुले ती अडखळत वाचत होती. शेजारी चित्रे असती तर वेळ वाचला असता.

बाकी व्यवस्था चोख होती. नोंदणीच्या अर्जात ॲलर्जीविषयी विचारले होते व खबरदारी म्हणून सारणात काजू-बदाम घातले नव्हते. हात धुण्याची रांग, केस बांधणे, नखे तपासणे हे सर्व झाले. खोबरे किसण्याचे काम फक्त मोठ्या मुलांकडे होते. सभागृहात पंखे होते पण ते पिठामुळे बंद ठेवावे लागले, आणि डिसेंबर असूनही उकडले. स्थानकापासून जागा चालत जाण्याजोगी आहे. गाडी आणणाऱ्यांनी उभी करण्याची आशा धरू नये.

रविवारी प्रीतिभोजनात मुलांनी स्वतः ताटे फिरवली, ही मात्र दाद देण्यासारखी गोष्ट. सुबक करंज्या पुढच्या मेजावर आणि फुटक्या, वाकड्या करंज्या स्वयंपाकघरात मुलांसाठी अशी मांडणी आधी झाली होती, ती एका वडीलधाऱ्या बाईंनी मोडून सर्व एकाच ताटात मिसळायला लावली. पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) वाट्याला फुटकी आली व त्यांनी ती बिनतक्रार खाल्ली.

पुढचा वर्ग ईस्टरच्या सुमारास घेण्याचा विचार आहे असे कळते. नऊ वर्षांवरील मुलांना नक्की पाठवावे. त्याहून लहान मुलांना चार तास लांबतात व शेवटच्या तासाला ती पिठाशी खेळू लागतात. नोंदणी उपासनेनंतर कार्यालयात होते, जागा मर्यादित असतात, आणि एप्रन मिळत असले तरी ते मोठ्या मापाचे आहेत, म्हणून घरचा जुना शर्ट सोबत द्यावा.